वीतभर गहू

नाथाजीनं चिमट्यानं कांद्याची मुळी उचलून धरली, टोकाचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा पात्यानं कापला आणि शिरक्यासारखा आंबूस वास मारणाऱ्या कुपीत सोडला. भिंतीवरच्या घड्याळात साडेदहा वाजून पाच मिनिटं झाली होती. टेबलावर बारा बरण्या. प्रत्येकीच्या तोंडावर एकेक कांदा बसवलेला आणि खाली पाण्यात पांढऱ्या मुळ्यांची दाढी सुटलेली. त्यांतल्या तीन झाल्या होत्या. साडेदहा ते अकरा, एवढाच वेळ. या अर्ध्या तासात मुळीचं टोक सगळ्यांत जोमानं वाढत असतं, असं आठल्येसाहेबांचं म्हणणं. तेवढ्यात ते कापून कुपीत टाकलं की आतलं सगळं जिथल्या तिथं थांबतं. त्या वेळात नाथाजी कुणाशी बोलत नसे. एकदा खुद्द प्राचार्य दारात आले, तर यानं हातानंच 'थांबा' म्हटलं, आणि प्राचार्य थांबले!

सयाजीला थांबवणं मात्र कुणाच्या बापाला जमलं नसतं.

"आवं दादा! पत्र आलं! तुमच्या ज्ञानूचं पत्र आलं!"

सयाजी नाथाजीचा चुलतभाऊ. भुईमुगाच्या शेंगांची पोती घेऊन सांगलीच्या पेठेत आलेला, तो गाडी तशीच सोडून कॉलेजात धावत सुटला होता. पटक्याला धुरळा, पायात चिखल, आणि तोंड असं फुललेलं की जणू त्याच्याच घरी पोरगा झालाय.

"मास्तरानं समद्या गावाम्होरं वाचून दावलं. आता मला सांगा, दसऱ्याच्या पत्रात गहू पिवळा झाला हुता का न्हाई?"

"व्हय."

"आन ह्यात बगा! ह्यात गहू वीतभर झालाय, हिरवागार हाय म्हन्तोय! म्हंजे काय? म्हंजे त्यो पिवळा गहू कापला, रान नांगरलं, पुन्यांदा पेरलं आन उगवूनबी आलं. म्होरचं पीक हाय ह्ये! पोरगं जित्तं हाय दादा. सरकारच्या तारंच्या नावानं चांगभलं!"

नाथाजीच्या हातातला चिमटा टेबलावर पडला. सयाजीनं घडी घातलेला कागद त्याच्या सदऱ्याच्या खिशात कोंबला.

"वैनीनं सांगितलंय, सायबाकडनं विंग्रजीत पत्ता लिवून आना. दिवाळीचं धाडायचं हाय. रंगू कालपासनं लाडू वळतीया. येतो मी, बैलं तशीच उभी हायत."

आला तसा तो गेला. त्या दिवशी उरलेल्या नऊ बरण्यांच्या मुळ्या तशाच पाण्यात राहिल्या.

नाथाजी मूळचा कडेगावाकडचा शेतकरी. कॉलेजात बागेला पाणी घालायला म्हणून लागला आणि त्याचा अंगठा बघून आठल्येसाहेबांनी त्याला आत ओढला. काम असं: कापलेलं टोक तांबड्या रंगात मुरवायचं, काचेच्या पट्टीवर ठेवायचं, वर पापुद्र्याएवढी पातळ काच ठेवून अंगठ्यानं दाबायचं. दाब कमी पडला तर नुसता गोळा दिसतो, जास्त झाला तर काच फुटते, आणि अंगठा केसभर सरकला तर आतलं सगळं विस्कटतं. कॉलेजातली शिकलेली पोरं काचा फोडून थकली. बैलाच्या नाकात वेसण घालणाऱ्या या अंगठ्याला ते पहिल्या दिवशी जमलं.

आणि मग साहेबांनी त्याला दुर्बिणीत बघायला दिलं. सूक्ष्मदर्शक हा शब्द नाथाजीच्या तोंडात कधी बसला नाही. तो दुर्बीणच म्हणायचा. आत तांबडे दोरे होते. साहेब त्यांना गुणसूत्रं म्हणत, नाथाजी दोरेच म्हणे. कांद्याच्या एकेका पेशीत सोळा. वेळ आली की ते जाड होतात, प्रत्येकाचे दोन होतात, मधोमध येऊन रांगेत उभे राहतात आणि मग कुणीतरी ओढल्यासारखे निम्मे इकडे, निम्मे तिकडे जातात. एका घराची दोन घरं होतात. वाटणी इतकी चोख, की नाथाजी पहिल्यांदा म्हणाला होता, "साहेब, आमच्या भावकीतल्या मानसांस्नी दाखवा की हे येकदा."

गेल्या वर्षी कुणी पाहुणे बघायला येणार होते. साहेबांनी काढलेली चित्रं भिंतीला टाचायचं काम नाथाजीकडं आलं. ती लावून तो खाली उतरतो न उतरतो, तोच साहेब हसायला लागले.

"नाथाजीराव, तुम्ही सगळं उलटं लावलंत! तुमच्या भिंतीवर दोन घरांतले दोरे बाहेर पडतात, मधोमध येऊन भेटतात आणि दोन घरांचं एक होतं. असं जगात होत नाही हो."

"तुमी जशी काढली तशी लावली, साहेब. पयलं काढल्यालं पयलं."

"तिथंच चुकलं. कुठलं चित्र आपल्या हाताला आधी लागलं याला काडीची किंमत नाही. या सगळ्या मेलेल्या पेशी. प्रत्येक पेशी आपापल्या जागी थांबलेली. आधीचं कोण, नंतरचं कोण, हे चित्राच्या आत एखादी खूण असते, तिच्यावरून ठरवायचं."

नाथाजीनं चित्रं काढून परत लावली. एकदा चुकलेलं तो पुन्हा चुकत नसे.

साहेबांचं खरं कोडं मात्र पुढंच होतं. वाटणी झाली की नव्या घरात गेलेले दोरे विरळ होत होत दिसेनासे होतात. आत नुसती तांबूस धूळ. मग पुढल्या खेपेला ते परत दिसायला लागतात. मधल्या काळात ते कुठं असतात? आपापली जागा धरून बसतात का भटकतात? परतताना जिथं नाहीसे झाले तिथूनच निघतात का? यासाठी साहेब रोज डोळे फोडत होते. एकदा नाथाजीनंच विचारलं होतं, "दिसत न्हाईत तवा ते नसत्यातच का, साहेब?"

"छे! दिसेनासे होतात. नाहीसे होत नाहीत."

हे वाक्य नाथाजीनं घरी नेलं आणि तिथंच घात झाला.

गणपती बसायच्या दोन दिवस आधी तार आली होती. सोळा जुलैला लढाईत ज्ञानू कामी आला, असं शाळेच्या मास्तरांनी वाचून दाखवलं. इटली नावाचा कुठलासा मुलूख. नाथाजी सांगलीहून पोचला तेव्हा घरात बायकांची दाटी होती, आणि त्याची बायको राहीबाई भिंतीला टेकून बसली होती, डोळे कोरडे ठक्क. सून रंगूबाई अवघी एकोणीस वर्षांची. तिच्या बांगड्यांना हात घालायला शेजारीण पुढं झाली, तसा राहीबाईनं तिचा हात धरला. "दहाव्यापतुर थांबा," एवढंच म्हणाली.

आणि दहाव्याच्या आधीच, गौरी आल्या त्या दिवशी, ज्ञानूचं पत्र आलं! मी खुशाल आहे, गहू निसवला आहे, ओंब्या बाहेर पडल्या आहेत, बांधाला तांबडी फुलं आली आहेत. घराचं काय झालं असेल! राहीबाई उठून उभी राहिली. "मेल्यालं मानूस पत्र लिवतंय व्हय?" दहाव्याची तयारी तिथंच मोडली. दसऱ्याला दुसरं पत्र आलं: गहू पिवळा झाला आहे, पंधरा दिवसांत कापणीला येईल. पितरपाटात तिनं ज्ञानूचं पान वाढू दिलं नव्हतं. रडायचीही बंदी होती. "जित्या मानसापायी रडत न्हाईत," असं तिनं एकदा सगळ्यांना बजावलं, आणि गणपतीपासून त्या घरात कुणी डोळ्याला पदर लावला नाही.

पत्रांवर तारीख असती तर प्रश्नच नव्हता. पण ज्ञानूला मास्तरांनी चौथीत शिकवलेलं, की पत्राच्या माथ्यावर एका ओळीत मुक्काम आणि तारीख लिहायची. पलटणीतून पत्रात गावाचं नाव लिहायची मनाई होती, आणि हा पठ्ठ्या दर खेपेला लिहायचा! मग कुणीतरी साहेब कात्री घेऊन ती ओळच उडवायचा, आणि गावासंगं तारीखही जायची. पाकिटं तर गावातल्या गावात फाडून कुठं उडाली होती. त्यांवरचे शिक्के बघायचं कुणाला सुचणार? सगळे आतलं ऐकायला टपलेले.

त्याच दिवसांत नाथाजी बायकोला म्हणाला होता, "साहेब सांगत्यात, दिसत न्हाई म्हंजे न्हाई असं नसतंय." राहीबाईनं मान हलवली होती. तिच्या मनातल्या आशेला आपणच खतपाणी घातलं, हे त्याला माहीत होतं.

आता खिशात तिसरं पत्र होतं. नाथाजीनं हात धुतले, धोतराला पुसले आणि कागद उलगडला. माथा कातरलेलाच होता.

"तीर्थरूप आबा व आई यांस ज्ञानूचा शिरसाष्टांग नमस्कार. मी इकडे खुशाल आहे. इथे थंडी लय आहे, सकाळी बंदुकीची नळी हाताला चिकटते. गहू वीतभर झाला आहे. हिरवागार आहे, पण लोक लढाईच्या भीतीने रानात येत नाहीत, खुरपणी राहिली आहे. मला बघवत नाही. काल मी थोडे खुरपले तर हवालदार बोलला. पाटणचा धुळा माझ्यासंगे आहे, त्याच्याबद्दल मागे लिहिलेच होते. त्याची कारभारीण पोटुशी आहे, आठवा लागला आहे, म्हणून तो काळजीत असतो. मी त्याला सांगतो, आमची आई म्हणते, काळजी केली की बाळंतपण अडतं. रंगूस आशीर्वाद."

नाथाजी हसला. हवालदाराच्या शिव्या खाऊन परमुलखातला गहू खुरपणारं पोर त्याला लख्ख दिसलं. त्यानं पत्र पुन्हा वाचलं, आणि धुळाच्या नावाशी येऊन तो अडखळला.

गौरीच्या पत्रातही धुळा होता. ते पत्र नाथाजीला पाठ होतं. "धुळाला पाटणहून पत्र आले. मुलगी झाली. पेढे कुठले मिळणार, म्हणून आम्ही सगळ्यांनी चहात दुप्पट साखर घालून प्यालो."

गौरीच्या पत्रात जी मुलगी जन्मून मोकळी झाली होती, ती या पत्रात अजून आईच्या पोटात होती.

तो स्टुलावर बसला. पुढचं पीक नव्हतं ते. तोच गहू होता. आधी वीतभर, मग निसवलेला, मग पिवळा. पत्रं हाताला लागली तशी सगळ्यांनी लावली होती, पहिलं आलेलं पहिलं. आणि पिवळ्या गव्हाच्या पुढं एकही पत्र नव्हतं.

आठल्येसाहेब आत आले तेव्हा अकरा वाजून गेले होते. त्यांनी बरण्यांकडं बघितलं, मग नाथाजीकडं.

"साहेब, त्या इटलीत गहू कवा पेरत्यात?"

"आपल्यासारखाच. पाऊस झाला की, ऑक्टोबर-नोव्हेंबरात."

"मग वीतभर कवा हुतो?"

"तिकडं थंडी फार. उगवतो आणि हिवाळाभर दबून राहतो. मार्च उजाडतो वर यायला." बोलता बोलता साहेबांची नजर त्याच्या हातातल्या कागदावर गेली आणि त्यांचा आवाज उतरला. "कापणी जून-जुलैत."

"म्हंजे आत्ता तितं हिरवा गहू..."

"नसणार, नाथाजी."

"मग ह्ये पत्र मार्चातलं. इतक्या उशिरानं येतंय व्हय?"

"लढाईत काय सांगावं. कुठल्यातरी ठाण्यावर गोणीत पडून राहिलं असेल."

नाथाजीनं मान हलवली. मग त्यानं पत्राची मागची बाजू त्यांच्यापुढं केली. तिथं ज्ञानूनं पलटणीचा नंबर लिहिला होता.

"विंग्रजीत पत्ता लिवून द्या, साहेब. दिवाळीचं धाडायचं हाय म्हन्त्यात घरात."

साहेबांनी टाक उचलला. शाईत बुडवला. तो तसाच हवेत राहिला, आणि टेबलावर एक थेंब पडला.

"लिहू?"

"लिवा."

त्यांनी ठळक, सुबक अक्षरांत पत्ता लिहिला, टिपकागदानं टिपला आणि दिला. नाथाजी दारापाशी गेल्यावर म्हणाले, "मी येऊ का तुमच्यासोबत गावाला?"

"नगं साहेब. ह्ये मलाच सांगाया पायजे. म्याच त्यास्नी आस लावली हुती."

रविवारी सकाळच्या मोटारीनं तो निघाला. पेट्रोल लढाईला गेलेलं, मोटार कोळशावर चालायची. चढ आला की सगळ्यांनी उतरायचं आणि हिच्या मागं चालायचं. नाथाजीला ते बरं वाटलं. जेवढा उशीर होईल तेवढा हवाच होता. काय बोलायचं, ते त्यानं वाटेत दहादा जुळवलं आणि दहादा मोडलं. 'तार बरुबर हाय' असं म्हणावं का? का 'पोरगं गेलं' असं सरळ सांगावं? बोललं की रंगूबाईचं कुंकू पुसलं जाणार. दीड महिना ती पोर आरशासमोर उभी राहून कपाळाला कुंकू लावत होती, आणि आता सासऱ्यानं सांगलीहून येऊन ते पुसायचं. जीभ झडली तर बरं, असं त्याला वाटलं.

घरी पोचायला दुपार झाली. रंगूबाई उंबऱ्याशी बसून मांजरपाटाची पिशवी शिवत होती. शेजारी बिस्किटांचा पत्र्याचा डबा, काठोकाठ लाडवांनी भरलेला. सासऱ्याला बघून तिनं पदर सारखा केला आणि पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

"आलासा?" राहीबाई आतून म्हणाली. "पत्ता आनला?"

त्यानं कागद पुढं केला. तिनं तो घेतला आणि न बघताच कोनाड्यात ठेवला.

"आन पत्र?"

त्यानं खिशातून पत्र काढलं. राहीबाईनं फडताळातून पितळी डबा आणला, झाकण उघडलं. आत ज्ञानूची सगळी पत्रं एकावर एक, सुताच्या दोऱ्यानं बांधलेली. तिनं दोरा सोडला. नाथाजी हातातलं पत्र सगळ्यांत वर ठेवायला गेला.

"थांबा. वर न्हाई."

तिनं ते त्याच्या हातातून काढून घेतलं. राहीबाईला अक्षराची ओळख नव्हती. पत्र ती कातरलेल्या माथ्यावरून ओळखायची, कुठं कात्री सरळ चाललेली, कुठं तिरकी. तिनं वरची दोन पत्रं उचलली, दसऱ्याचं आणि गौरीचं, आणि हे तिसरं त्यांच्या खाली ठेवलं. मग ती दोन परत वर ठेवून हातानं सारखी केली. सगळ्यांत वर पिवळ्या गव्हाचं पत्र आलं.

नाथाजी तिच्याकडं बघत राहिला.

"तुला कवापासनं ठावं हाय?"

"मास्तर वाचत हुतं तवाच." तिचा आवाज अगदी खालचा होता. "आठवा लागलाय म्हनलं, आन मला गौरीच्या पत्रातली साखर आठवली."

"मग सयाजी येवढा गावभर वरडत सुटला..."

"वरडू दिला. त्याला गहू कळतो. बाळतपन कसं कळावं?"

"आन ह्ये लाडू?"

राहीबाईनं उंबऱ्याकडं बघितलं. "तिचं हात गुतून ऱ्हायलं हुतं. लाडू वळंस्तवर कपाळावर कुकू ऱ्हातंय, येवढंच. म्या म्हनलं, दिवाळी तेवढी जाऊ दे पोरीची."

उंबऱ्याशी सुई थांबली होती. रंगूबाईनं दाताखाली दोरा तोडला, सुई नीट कापडात टोचून ठेवली आणि वर न बघताच म्हणाली,

"मामंजी, धुळाभावजींच्या लेकीचं नाव काय ठिवलं असंल वो?"

 राहीबाई उठली, सुनेपाशी जाऊन बसली आणि तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"तुलाबी ठावं हुतं व्हय गं बाय?"

रंगूबाईनं मान हलवली. "तुमी लाडू वळाय सांगितलं, आत्याबाई. म्या म्हनलं, तुमचं तेवढंच मन ऱ्हातंय तर वळू."

"आगं माजे आई," राहीबाई म्हणाली, "आपुन दोघी येकमेकीलाच फशिवत बसलो की!"

तिनं किती तरी वेळ सुनेचा हात सोडला नाही. मग नाथाजीकडं वळून, बाजाराचं काम सांगावं तशा आवाजात म्हणाली,

"उद्याच्याला कोंडीबा न्हाव्याला बोलावून घ्या. दिस घालू पोराचं."

"बरं."

"आज मातूर न्हाई. आज त्याची पत्रं वाचा. समदी."

नाथाजीनं डबा जवळ ओढला. सगळ्यांत तळाचं पत्र काढायला त्यानं गठ्ठा उचलला, तसं तिनं हात आडवा घातला.

"पयल्यापासनं नगं. तसं वाचलं की शेवटाला त्यो गव्हात जाऊन हुबा ऱ्हातोय. वरनं वाचा. उलटं."

असं जगात होत नाही, असं साहेब म्हणाले होते. नाथाजीला ते आठवलं. त्यानं चष्मा पुसला आणि वरचं पत्र उघडलं.

गहू पिवळा झालेला होता, चार म्हाताऱ्या बायका बांधावर बसून विळ्यांना धार लावत होत्या. मग गहू निसवला, बांधाला तांबडी फुलं आली, चहात दुप्पट साखर पडली. मग गहू वीतभर झाला आणि धुळाची लेक आईच्या पोटात परत गेली. त्याखालची पत्रं त्याच्याही आधीची. बर्फ बघितलं, हातावर घेतलं तर मिठासारखं दिसतं. बोटीवर सगळ्यांना ओकाऱ्या झाल्या, मला झाली नाही. मुंबईत समुद्र बघितला. बेळगावात बुटांनी टाचा सोलल्या, पण आता बूट माझ्या ओळखीचे झाले. एकेका पत्रासरशी पोरगं लढाईतून माघारी निघालं, बोटीतून उतरलं, घाट चढलं, अक्षर मोठं आणि वेडंवाकडं होत गेलं. राहीबाई मधेच "हां" म्हणे, जणू कुणी कुठवर आलं ते ती मोजत होती.

सगळ्यांत खालचं पत्र दोन वर्षांपूर्वीचं. ते आलं तेव्हा रंगूबाई या घरात नव्हती; त्याच सुट्टीत लग्न झालं. म्हणून ते तिनं कधी ऐकलेलं नव्हतं. ती सरकून पुढं आली.

"मला पंधरा दिवसांची सुट्टी मिळाली आहे," नाथाजी वाचू लागला. "ऐतवारच्या मोटारीने येतो. मला न्यायला कुणी येऊ नका, वाट मला ठाऊक आहे. आईला सांगा, इथले कालवण लय अळणी असते. मी आलो की हिरव्या मिरचीचा खर्डा कर. झणझणीत कर."

पत्र संपलं. नाथाजीनं त्याची घडी घातली.

राहीबाई उठली आणि चुलीपाशी गेली. चूल पेटवून तवा ठेवला, टोपलीतल्या हिरव्या मिरच्यांची ओंजळ भरून तव्यावर टाकली. मिरच्या तडतडल्या, फुटल्या, आणि त्यांचा ठसका घरभर झाला. रंगूबाईला आधी खोकला आला, मग तिनं पदराचा बोळा करून डोळ्यांना लावला. नाथाजीनं चष्मा काढून ठेवला. चुलीकडं तोंड करून बसलेल्या राहीबाईचे खांदे हलायला लागले, आणि तोंडातून आवाज फुटला. परड्यातून सयाजी ओरडला, "वैनी, काय जाळताय व्हय घरात? डोळं चुरचुरायला लागलं की!"

 मिरच्या करपून काळ्या झाल्या, तरी तवा उतरवायला कुणी उठलं नाही.